इंग्रजीतला हरी



या खेपेला भित्तिपत्रकातला इंग्रजीचा कोपरा माझ्या वाट्याला आला आहे. बाई म्हणाल्या, "दहा-वीस शब्दांची यादी लावू नकोस. यादी कुणी वाचत नाही. एकच शब्द घे आणि तो नीट समजावून सांग." म्हणून मी 'हरी' हा शब्द घेतला. हा इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा अर्थ घाई. तो आपण रोज ऐकतो. प्रार्थनेची रांग लावताना ऐकतो, खिचडीच्या आधी हात धुताना ऐकतो, सहलीच्या गाडीत चढताना तर लईच ऐकतो. "हरी अप! हरी अप!" ऐकला की सगळ्यांना कळतो, पण वाक्यात वापरा म्हटलं की वर्ग गप्प बसतो.

आम्हाला इंग्रजी पहिलीपासून आहे. आपल्या महाराष्ट्रात 2000 सालापासून तसं झालं. त्याच्या आधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे इथं उभे असलेल्या बऱ्याच पालकांना चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतंच. म्हणून मी सगळं अगदी पहिल्यापासून सांगते. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना त्यांच्या मुलानं नाहीतर मुलीनं शेजारी उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवावं.

आधी उच्चार बघू. आपला देवाचा हरी आणि इंग्रजीतला घाईचा हरी, दोन्ही ऐकायला जवळजवळ सारखेच आहेत. मी आजीला सांगितलं की इंग्रजीत घाईला हरी म्हणतात. आजी म्हणाली, "मग साहेब लोक दिवसभर देवाचंच नाव घेतेत म्हण की!" आमच्याकडं वारकरी भेटले की एकमेकांना 'रामकृष्ण हरी' म्हणतात. ते ऐकून कुणी पळायला लागत नाही.

मराठीत एक म्हण आहे, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.' म्हणजे काम न करता खाटेवर पडून राहायचं आणि देव आणून देईल म्हणायचं. इंग्रजीतला हरी याच्या बरोबर उलट आहे. तो खाटेवर बसूच देत नाही. ही म्हण ध्यानात ठेवली की शब्दाचा अर्थ विसरत नाही. मी अशीच ध्यानात ठेवली.

आता स्पेलिंग. एच, यू, मग आर दोनदा आणि शेवटी वाय. आर दोनदा आहे हे वहीत खाली रेघ मारून ठेवा. यू आहे म्हणून काहीजण 'हुरी' वाचतात. तसं नाही. बस, कप, कट यांच्यात पण यू आहे, तरी आपण बुस, कुप, कुट म्हणत नाही. पुट या शब्दात मात्र यूचा उ होतो. असं का, याचं उत्तर बाईंनी एवढंच दिलं की इंग्रजीत प्रत्येक शब्दाचा उच्चार ऐकून शिकावा लागतो, अक्षरावर फार विसंबू नये. मराठीत बरं असतं, लिहिलंय तसं वाचायचं. पण मराठीत पण एक गंमत आहे. सुटा 'हरी' लिहिताना री दीर्घ आणि 'हरिपाठ' लिहिताना रि ऱ्हस्व. म्हणजे आपल्या हरीचं स्पेलिंग पण बदलतं!

हरीसारखे ऐकू येणारे आणखी दोन शब्द आहेत, वरी आणि करी. वरी म्हणजे काळजी. उपासाला आपण भगर खातो, तिला काहीजण वरी म्हणतात, ती ही नव्हे. करी म्हणजे कालवण. वाहनवाल्यांसाठी रस्त्याच्या कडेला लावतात त्यात एक इंग्रजी पाटी प्रसिद्ध आहे, 'हरी बरी स्पॉइल्स द करी'. घाईगडबडीत कालवण बिघडतं, असा तिचा अर्थ. म्हणजे ड्रायव्हरला कालवणाचं उदाहरण दिलंय. आपल्या मराठी पाट्यांवर घाटात 'अति घाई संकटात नेई' असं असतं. मला मराठी पाटी जास्त भीतीची वाटते आणि इंग्रजी पाटी जास्त चवीची.

आता हा शब्द वाक्यात घालू. आपण म्हणतो, "मला घाई आहे." याचं एकेका शब्दाचं इंग्रजी करायला गेलं तर सगळं वाकडं होतं. इंग्रजीत मला घाई नसते, मी घाईत असते. मराठीत पण आपण तसं म्हणतोच की, "मी घाईत आहे", "आई गडबडीत आहे." यातला जो शेवटचा 'त' आहे ना, तोच इंग्रजीतला 'इन'. फक्त तो मागं लागायच्या ऐवजी पुढं येऊन उभा राहतो. म्हणून "आय अ‍ॅम इन अ हरी." मधला छोटा 'अ' गाळायचा नाही. "शी इज इन अ हरी" म्हणजे ती घाईत आहे. "वी आर इन अ हरी" म्हणजे आम्ही घाईत आहोत. चारदा मोठ्यानं म्हटलं की तोंडात बसतं.

एक सूचना. "बाई, मला घाईची लागली" असं म्हणून आपण करंगळी वर करतो. तेव्हा "आय अ‍ॅम इन अ हरी" म्हणू नका. बाई विचारतील, "कुठं जायची घाई आहे?" आणि तेवढ्यात पंचाईत होईल. तिथं "मे आय गो टू द टॉयलेट?" हेच म्हणायचं.

हरी हे क्रियापद पण आहे, म्हणजे कामाचा शब्द. "राजू हरीज टू स्कूल", राजू घाईनं शाळेत जातो. काल गेला असेल तर "राजू हरीड टू स्कूल." इथं स्पेलिंग बदलतं. शेवटचा वाय निघून जातो आणि त्याच्या जागी आय येतो, मग ई आणि डी. हरीजमध्ये पण तसंच, आय, ई, एस. क्राय, कॅरी, स्टडी यांचं पण असंच होतं. पण 'हरीइंग' लिहिताना वाय जागेवरच राहतो. हे एवढं फळ्यावर लिहून बघा, सांगून कळत नाही.

आता 'हरी अप'. अप म्हणजे वर हे आपल्याला ठाऊक आहे. पण इथं वर चढायचं काही नाही. स्टँड अपमध्ये माणूस वर होतो, गेट अपमध्ये अंथरुणातून वर होतो, हरी अपमध्ये नुसता पळतो. हरीला अप जोडून आला की अर्थ होतो, आवर, उरक, पाय उचल, बिगीबिगी चाल. ही आज्ञा आहे. आणि मराठीत आज्ञेला दोन रूपं असतात. धाकट्या भावाला "आवर", आत्याला "आवरा की आत्या." इंग्रजीत तसा फरक नाही. लहानाला पण हरी अप आणि मोठ्याला पण हरी अपच. म्हणून मोठ्या माणसाला ते म्हणताना जपावं लागतं. गुरुजींना, बाईंना, पाहुण्यांना "हरी अप" म्हणणं म्हणजे "ए, आवर" म्हटल्यासारखं ऐकू येतं. मग काय म्हणायचं? बाईंनी चांगली युक्ती सांगितली. मोठ्याला आज्ञा करायचीच नाही, काय झालंय ते नुसतं सांगायचं. "बाई, द बस इज हिअर." बस आलीय एवढंच. बाई आपणच घाई करतील. मराठीत पण आपण तेच करतो. आजोबांना कुणी "आवरा" म्हणत नाही. "आजोबा, गाडी आली बरं का," असं म्हणतात, आणि आजोबा काठी शोधायला लागतात.

आता खरा अवघड भाग आला. तो म्हणजे आपला 'लवकर' हा शब्द.

मराठीतला लवकर लई कामाचा आहे. एकटाच सगळीकडं पुरतो. आजी लवकर उठते. लवकर चाल. लवकर कर, बस आली. पावसाळा लवकर येवो. चारही ठिकाणी लवकरच. पण इंग्रजीत या चार लवकरांना चार शब्द आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. म्हणून मुलं अडकतात आणि मग सगळीकडं हरीच घालून देतात.

आजी लवकर उठते, म्हणजे ती घाईनं उठते का? नाही. ती शांतपणे उठते, पण कोंबडं आरवायच्या आधी उठते. तिथं 'अर्ली'. "ग्रँडमदर गेट्स अप अर्ली." अर्ली हा घड्याळाचा शब्द आहे.

लवकर चाल, म्हणजे पायाचा वेग वाढव. तिथं 'फास्ट'. "वॉक फास्ट." बैल फास्ट असतो, मोटार फास्ट असते. पण फास्ट पळणारा माणूस घाईत असेलच असं नाही. आपल्या शाळेच्या शर्यतीत पळणारा फास्ट असतो. आणि ज्याची पाटी घरी राहिली तो परत पळतो तेव्हा तो फास्ट पण असतो आणि इन अ हरी पण असतो.

लवकर कर, बस आली. वेळ कमी आहे आणि काम बाकी आहे. तिथं हरी अप. हरीचं खरं घर हेच.

आणि पावसाळा लवकर येवो, तिथं 'सून'. थोड्या दिवसांत, फार उशीर न लागता. हा वाट बघायचा शब्द आहे. पावसाला आपण हरी अप म्हणून काही उपयोग नाही. आपलं पाटोदा बालाघाटच्या डोंगरात आहे आणि पर्जन्यछायेत आहे, म्हणजे पाऊस आधी पश्चिमेला सह्याद्रीवर पडून जातो आणि आपल्याकडं उरलेला येतो. याच डोंगरात आपल्या तालुक्यात गवळवाडीजवळ मांजरा नदी उगम पावते. ती पुढं लातूर, कर्नाटक, तेलंगणा असं सुमारे 724 किलोमीटर जाऊन गोदावरीला मिळते. उगम आपला आणि पाणी पुढच्यांना. नदीला इंग्रजीत हरी म्हणायचं का ते मला सांगता येणार नाही, पण सौताड्याचा धबधबा पावसाळ्यात बघितला तर पाण्याला घाई झालीय असंच वाटतं.

पावसावरून आठवलं, मराठीत 'जलद' हा एक शब्द आहे. एसटीच्या पाटीवर असतो. तो जलद फारसीतल्या जल्द या शब्दावरून आलाय, आणि हिंदीतला जल्दी पण त्याचाच भाऊ. पण संस्कृतात जलद म्हणजे ढग. जल म्हणजे पाणी आणि द म्हणजे देणारा. एकाच अक्षरांचे दोन शब्द, एक पळणारा आणि एक पाणी देणारा. आपल्याकडचे ढग बहुतेक दोन्ही जलद असतात. येतात आणि पाणी न देताच जलद निघून जातात. "द क्लाउड इज इन अ हरी."

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला धावली. त्या गावाचं नाव आता अहिल्यानगर आहे. तेव्हा आपला मराठवाडा अजून निजामाच्या राज्यात होता, तो 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झाला. रेल्वेला मात्र आपल्या जिल्ह्याची घाई नव्हती. अहिल्यानगर, बीड, परळी या मार्गाला 1995 साली मंजुरी मिळाली. 23 सप्टेंबर 2022 ला गाडी आष्टीपर्यंत आली आणि 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनालाच, बीडला पोचली. 1995 ते 2025 म्हणजे 30 वर्षं. वजाबाकी मी दोनदा करून बघितली. "द ट्रेन वॉज नॉट इन अ हरी." नकारी वाक्याला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

'अर्जंट' हा पण आपल्याकडं चालणारा इंग्रजी शब्द आहे. फोटोच्या दुकानावर अर्जंट फोटो असं लिहिलेलं असतं. पण अर्जंट काम असतं, निरोप असतो. माणूस अर्जंट नसतो, माणूस इन अ हरी असतो. आजोबा सांगतात की पूर्वी अर्जंट निरोप तारेनं यायचा आणि तारवाला दिसला की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. आपल्या देशातली तार 2013 च्या जुलै महिन्यात बंद झाली. आता सगळे निरोप फोनवर येतात आणि चांगले-वाईट सगळे एकाच घंटीनं येतात.

फोनवरूनच मला पुढचं सांगायचं आहे.

आपल्या वर्गातल्या पुष्कळ मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला जातात. कुणी कोल्हापूर, सांगलीकडं जातं, कुणी सोलापूर, पुण्याकडं, कुणी कर्नाटकात. माझे पण जातात, मी आजीजवळ राहते. आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. इंग्रजीच्या पुस्तकात कोयता म्हणजे नुसतं हत्यार असतं, आपल्याकडं ती दोन माणसं असतात.

उसाच्या कामात घाई का असते ते मी आण्णांना विचारलं. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी सांगितलं, ऊस उभा आहे तोवर ठीक. एकदा तोडला की तो वाळायला लागतो. वजन घटतं आणि आतली साखर पण कमी व्हायला लागते. त्याला साखरेचा उतारा कमी होणं म्हणतात. म्हणून तोडलेला ऊस होता होईल तितक्या लवकर कारखान्यात जाऊन गाळला जावा लागतो. कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो, त्याला ऊस कमी पडून चालत नाही. म्हणून गाडी रात्री आली तर रात्री भरायची. थंडीत पहाटे फडात जायचं, तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत चढवायच्या. फड म्हणजे उसाचं रान.

मी हे सगळं ऐकलं आणि वहीत इंग्रजीत लिहून बघितलं. घाई कुणाला आहे? उसाला आहे. "द केन इज इन अ हरी" असं म्हणता येत नाही, कारण उसाला पाय नाहीत. कारखान्याला आहे. मुकादमाला आहे. गाडीवाल्याला आहे. पण पळतं कोण? आई आणि आण्णा. म्हणजे घाई एकाची असते आणि हरी अप दुसऱ्याला म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही, पण वाक्य करताना ते कळतं. "आय अ‍ॅम इन अ हरी" यात माझी घाई माझ्याजवळ असते. "हरी अप" म्हटलं की माझी घाई मी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवते, मोळीसारखी.

रात्री फोन येतो. मुलं काय म्हणतात? "आई, लवकर ये." सगळीच म्हणतात. माझा धाकटा भाऊ पण म्हणतो. मागच्या आठवड्यात वर्गात प्रश्न निघाला की याचं इंग्रजी काय. दोघातिघांनी एकदम उत्तर दिलं, "मदर, हरी अप!" बाईंनी ते फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "बघा बरं, हे बरोबर आहे का?"

मी त्यावर पुष्कळ विचार केला. हरी अप म्हटलं तर त्याचा अर्थ असा होतो की आई हळू करतेय, तिनं हात भरभर चालवले तर ती लवकर येईल. पण तसं नसतं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की मग टोळी परत येते. आईनं कितीही भरभर ऊस तोडला तरी ती एकटी आधी निघू शकत नाही. उचल घेतलेली असते, ती फिटावी लागते. त्यात तिला दिवसभर फडात "उरका, उरका, गाडी उभी आहे" हेच ऐकायला येतं. मग रात्री आपण पण फोनवर तेच म्हणायचं का? म्हणून तिथं हरी नको. तिथं सून पाहिजे. "आई, कम होम सून." यात आईच्या कामाला नावं ठेवलेली नाहीत. यात नुसती वाट बघितलेली आहे. मराठीत दोन्हीला लवकरच म्हणतो, म्हणून आपल्याला फरक दिसत नाही. मराठीत तो फरक आवाजावरून कळतो. माझ्या भावाच्या 'लवकर ये'मध्ये हरी अजिबात नसतो. इंग्रजीत मात्र तो शब्दावरूनच सांगावा लागतो.

हे मी वर्गात सांगितलं. बाईंनी फळ्यावरचं 'हरी अप' पुसलं नाही. त्याच्याखाली 'कम होम सून' लिहिलं आणि म्हणाल्या, "दोन्ही राहू द्या, म्हणजे फरक दिसेल."

आता राहिलं शेवटचं वाक्य. ते फार लहान आहे आणि ते कुणी वापरत नाही. "देअर इज नो हरी." घाई नाही. किंवा नुसतं "नो हरी." आणि "डोन्ट हरी" म्हणजे घाई करू नकोस, किंवा घाई करू नका. हे पण आज्ञेसारखंच आहे, पण ही आज्ञा मोठ्यांना केली तरी चालते, कारण ती ऐकून कुणाला राग येत नाही. आपल्याकडं लग्नात पंगत बसली की यजमान हात जोडून फिरतात आणि म्हणतात, "सावकाश होऊ द्या." हा सावकाश शब्द मला फार आवडतो. स आणि अवकाश. अवकाश म्हणजे मोकळी जागा. सावकाश म्हणजे मोकळी जागा ठेवून. घाईत माणसाला जागाच उरत नाही, इकडून तिकडं अंग चोरून पळावं लागतं. इंग्रजीत पंगतीला म्हणायचं झालं तर "डोन्ट हरी, टेक युवर टाइम" असं म्हणतात. तुमचा वेळ तुम्ही घ्या. आपण पाहुण्याला जागा देतो, ते वेळ देतात.

हे वाक्य कुठं कुठं वापरता येतं ते मी शोधलं. वर्गात एखाद्याला पाढे म्हणताना मधेच अडलं तर मागून सगळे "लवकर, लवकर" करतात. तिथं "नो हरी" म्हणता येतं. आपल्या वर्गातली काही मुलं आईवडिलांबरोबर फडावर जातात. सगळ्यांना आजी नसते आणि सगळ्यांची हंगामी वसतिगृहात राहायची तयारी नसते. ती मुलं उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात तेव्हा त्यांचं पुस्तक अर्ध्यात राहिलेलं असतं. आम्ही भागाकारावर असतो आणि ती अजून गुणाकारावर. त्यांना कुणी "हरी अप" म्हटलं की ती पुस्तकच मिटून ठेवतात, हे मी बघितलंय. त्यांच्याशेजारी बसून "देअर इज नो हरी" म्हटलं तर ती विचारतात तरी. मागल्या साली माझ्या शेजारी अशी एक मैत्रीण बसायची. तिला हातचा घ्यायचं चार दिवसांत आलं.

फोनवर पण हे वाक्य चालतं. आई विचारते, "अभ्यास झाला का, जेवलीस का, भावाला झोपवलंस का, मला अजून भाकरी टाकायच्यात, बोल लवकर." तेव्हा मी म्हणते, "नो हरी, आई." आईला इंग्रजी येत नाही, पण हा शब्द तिला आता कळतो. ती म्हणते, "हरीचं नाव घेतलंस व्हय? बरं, घे." आणि मग जरा वेळ बोलते.

आता थोडा सराव. खाली पाच वाक्यं आहेत. प्रत्येक ठिकाणी लवकर हा शब्द आहे. इंग्रजीत कुठं अर्ली, कुठं फास्ट, कुठं सून आणि कुठं हरी अप येईल ते सांगा.

दूधवाला आमच्याकडं लवकर येतो.
लवकर दप्तर भर, घंटा झाली.
हा बैल दुसऱ्या बैलापेक्षा लवकर चालतो.
पोळा लवकर यावा असं मला वाटतं.
सुट्टी लागली की मामा, लवकर या.

पालकांनी पण सोडवावं. इंग्रजी येत नसलं तरी चालेल, नुसतं बोट ठेवून सांगा की यातली घाई कोणती आणि वाट बघणं कोणतं. ते ज्याला कळलं त्याला निम्मं उत्तर आलंच. उत्तरं मला मधल्या सुट्टीत तोंडी सांगावीत, मी हातपंपाजवळच्या लिंबाखाली असते. हे पत्रक शनिवारपर्यंत भिंतीवर आहे, तेव्हा नो हरी.

इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी